हौसाबाईचा विस्तव

ज्या घरातलं माणूस जातं, त्या घरची चूल का पेटवत नाहीत?

हे मी लहानपणापासून विचारत आलोय. आजीला विचारलं, तर ती म्हणाली, "असलं विचारू नये." गुरुजींना विचारलं, तर त्यांनी सतराचा पाढा म्हणायला लावला. देवळातल्या बुवांना विचारलं, तर ते म्हणाले, "पद्धत आहे, बाबा." पद्धत आहे हे मलाही दिसत होतं. का आहे, ते कुणी सांगितलं नाही.

परवा आमची अक्का गेली आणि तिच्या घरात चूल पेटली नाही. तेव्हा तिच्या पोरांनी, मंजीनं आणि नामूनं, तेच मला विचारलं. वडील त्यांना आधीच नाहीत. मी त्यांचा मामा, चौथीतनं शाळा सोडलेला. मला काय ठाऊक असणार? पण पोरं अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडली होती. मग मी म्हटलं, सरका जरा, गोष्ट सांगतो.

एक होतं गाव. कुठं होतं ते विचारायचं नाही. मागं डोंगर होता, पुढं ओढा होता, आणि त्या गावातल्या चुली बोलायच्या. खरंच, बरं का. एक चूल सारखी खोकायची. एक कुरकुरायची, "आजपण ओलंच लाकूड घातलंस का गं भवाने?" एक तर इतकी लाजरी होती, की पाहुणे आले की नुसता धूर करायची.

आणि घरातलं माणूस गेलं, की त्या घरची चूल रडायची. तिच्याच डोळ्यांतल्या पाण्यानं तिचा विस्तव विझायचा. मग फुंकर मारा, रॉकेल ओता, काही करा, पेटायची नाही. म्हणून पेटवत नाहीत, कळलं? माणसं पेटवत नाहीत असं नाही. ती पेटतच नाही.

मग ती जागी कशी व्हायची? तर दुसऱ्या घरचा विस्तव आणायचा. दुसऱ्या घरची भाकरी आणायची. आणि ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरातल्या कुणीतरी त्या भाकरीचा घास खायचा. घास पोटात गेला की चूल डोळे पुसायची आणि उठून बसायची. पण हे सगळं तिसऱ्या दिवशीचा सूर्य बुडायच्या आत व्हायला हवं. नाही झालं, तर चूल दगड व्हायची आणि ते घर मोडायचं. माणसं पांगायची. भाऊ एका गावाला, बहीण दुसऱ्या गावाला.

"मला आत्याकडं पाठवणार म्हणत होते," मंजी म्हणाली. "आणि नामूला काकांकडं."

"गोष्टीत मधे बोलायचं नाही," मी म्हटलं.

तर त्या गावात एक बाई राहायची. तिचं नाव हौसाबाई.

"हे आईचं नाव आहे," नामू म्हणाला.

"असू दे की. गोष्टीतल्या बाईलापण नाव लागतंच."

हौसाबाईला दोन पोरं होती. मोठी मुलगी, धाकटा मुलगा. ती भाकरी थापायला बसली की पहिली भाकरी पोरांची. ती टम्म फुगायची. मग तिचा पापुद्रा सोडवून त्यात तूप घालायची, आणि तो पापुद्रा कुणाला यावरून दोघं रोज भांडायची. रोज, बरं का. एक दिवस चुकला नाही. दुसरी भाकरी मात्र कुणाची, ते तिचं तिलाही ठाऊक नसायचं. ती फडक्यात बांधून ठेवायची. म्हणायची, "कुणाची तरी चूल रडेल. हाताशी असलेली बरी."

आणि कुणाची चूल रडली, की हौसाबाई खापरात विस्तव घ्यायची, दुरडी डोक्यावर घ्यायची, धाकट्याला काखोटीला मारायची आणि आळीच्या तोंडाशी उभी राहून हाक द्यायची, "चला गं बायांनो! किती वेळ भांगच पाडणार?" मग सगळ्या बाया आपापली भाकरी घेऊन निघायच्या. पुढं हौसाबाई, मागं सगळ्या. तिला हे काम कुणी दिलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायची, "विस्तव माझ्या हातात आहे ना? मग पुढं मीच जाणार. मागं चालले तर तुमच्या लुगड्याला लागेल."

एकदा काय झालं, भागाआजीचा म्हातारा गेला. भागाआजी म्हणजे महा भांडकुदळ. आळीतलं एक घर तिनं सोडलं नव्हतं. बाया म्हणाल्या, "तिच्या दारात नाही यायचो. तिनं माझ्या कोंबडीला शिव्या दिल्यात."

हौसाबाई म्हणाली, "कोंबडीनं माफ केलंय. चला."

गेल्या. तर भागाआजीनं आतून कडी घातली. "नको मला तुमची भाकरी!" हौसाबाई तिथंच उंबऱ्यावर बसली आणि फडकं सोडलं. पिठल्याचा वास फटीतून आत गेला. मग थोड्या वेळानं आतून आवाज आला, "लसूण घातलाय का?"

"घातलाय की."

"ठेचून, का चिरून?"

"ठेचून, आजी."

मग कडी निघाली. भागाआजीनं घास खाल्ला आणि नवऱ्याच्या नावानं हंबरडा फोडला. तिची चूल जागी झाली. ती चूलपण भांडखोर. उठल्या उठल्या म्हणाली, "इतका उशीर का केलात?"

मग दुसऱ्यांदा काय झालं, ओढ्यापलीकडं परमुलखातली माणसं पालं ठोकून राहिली होती. त्यांचा म्हातारा गेला. त्यांची बोली गावात कुणाला येत नव्हती. त्यांची चूल म्हणजे तीन धोंडे, आणि ते धोंडेही त्यांच्याच बोलीत रडत होते. बाया म्हणाल्या, "बोलायचं काय तिथं जाऊन?" हौसाबाई म्हणाली, "मढ्याच्या घरी कुठं काय बोलायचं असतं?" आणि गेली. पालातल्या म्हातारीशेजारी मांडी घालून बसली. ती रडली तशी हीपण रडली. मग भाकरीचा तुकडा मोडून तिच्या हातावर ठेवला. म्हातारीनं तो कपाळाला लावला आणि खाल्ला. तिन्ही धोंड्यांमधून धूर निघाला. झालं. एक शब्द लागला नाही.

मग तिसऱ्यांदा काय झालं, डोंगरावरच्या राक्षसाची आई गेली.

"राक्षसाला आई असते?" नामूनं विचारलं.

असते तर. त्याला कोण न्हाऊ घालणार मग? राक्षस डोंगरावर बसून रडत होता आणि खाली ओढ्याला पूर येत होता. त्याच्या घरी जायचं म्हटल्यावर बायांनी दारं लावून घेतली. हौसाबाईनं पोरांना पोटभर जेवू घातलं, मुलीला म्हणाली, "याच्याकडं बघ, मी आलेच," आणि एकटी चढून गेली. राक्षसाची चूल विहिरीएवढी. हौसाबाईची भाकरी त्याच्या नखाएवढी.

राक्षस म्हणाला, "एवढीशी? ही तर माझ्या दाढेत अडकेल."

हौसाबाई म्हणाली, "मग दाढेत कशाला घालतोस? जिभेवर ठेव. आणि आधी नाक पूस."

राक्षसानं नाक पुसलं आणि भाकरी जिभेवर ठेवली. चूल धडाडून पेटली. राक्षस म्हणाला, "बाई, माग. सोनं माग, हत्ती माग."

हौसाबाई म्हणाली, "हत्तीला चारा कोण घालणार? माझी पोरं झोपायची वेळ झालीय. मला खाली सोड."

मग राक्षसानं तिला तळहातावर घेतलं आणि अलगद दारात ठेवलं. पोरं अजून जागीच होती. ती दोघांच्या मधे आडवी झाली आणि राक्षसाच्या चुलीची गंमत सांगायला लागली. अशी ती होती. गावभर फिरायची, पण पोरांच्या झोपेआधी घरात असायची.

आणि मग एक दिवस हौसाबाई स्वतःच गेली. कशानं गेली ते विचारू नका. गोष्टीत ते सांगत नसतात.

तिच्या घरची चूल रडली आणि विझली. दोन पोरं चुलीसमोर बसून राहिली.

हौसाबाईला एक भाऊ होता. डोकं तापट, अक्कल कमी. तो धावत आला. पहिल्या दिवशी त्यानं चुलीत फुंकर मारली, मारली, तोंड काळं होईपर्यंत मारली. चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःची बाज मोडून तिची लाकडं चुलीत घातली. चूल पेटली नाही. पोरं दुधाच्या घोटावर होती. गावातून भाकरी घेऊन कुणी आलं नाही. एकही जण नाही. तिसऱ्या दिवशी सूर्य डोंगराकडं झुकला, आणि चुलीचा एक कोपरा दगडासारखा गार पडायला लागला.

मग भाऊ पेटला. काठी उचलली आणि आळीत शिरला. "कसली माणसं आहात! तिनं तुम्हा सगळ्यांना घास दिला, आणि तिच्या पोरांना विचारायला एक माणूस नाही?"

पहिलंच घर भागाआजीचं. ती उंबऱ्यावर बसली होती. मांडीवर दुरडी, शेजारी खापरात विस्तव. म्हणाली, "ओरडतोस कशाला रे? तीन दिवस रोज ताजी भाकरी करून बसतेय मी. हौसा आली, तिनं हाक दिली, की निघतेच आहे."

एवढं बोलली, आणि तिचं तिलाच ऐकू आलं. तिनं पदर तोंडाला लावला.

भावानं आळीत पाहिलं. दारादारात बाया बसल्या होत्या, मांडीवर दुरड्या घेऊन. ओढ्यापलीकडं पालातली माणसं उभी होती, हातात विस्तव घेऊन. डोंगरावर राक्षस बसला होता, भाताची कढई घेऊन. सगळे एकाच जागेकडं बघत होते, आळीच्या तोंडाकडं. तिच्यामागून जायची सवय होती सगळ्यांना. तिच्याशिवाय पाऊल कसं उचलायचं, ते कुणाला येतच नव्हतं.

भावाच्या हातातली काठी गळाली. सूर्य डोंगराला टेकला. राक्षसानं ते पाहिलं, आणि त्यानं चटकन तळहात सूर्याखाली धरला. "थांब जरा, बाबा," म्हणाला. हात चरचर भाजला, पण त्यानं काढला नाही.

मग भावानं भागाआजीचं खापर उचललं. आळीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. त्याला हाक देता येत होती कुठं? कसाबसा म्हणाला, "चला."

आणि सगळं गाव उठलं.

घरात माणसं मावेनात. विस्तव आला, पिठलं आलं, भाकऱ्यांची चळत लागली. पण पोरं खाईनात. मुलगी म्हणाली, "आई आल्यावर." धाकट्यानं तोंड भिंतीकडं केलं. बायांनी गोंजारलं, भागाआजीनं दटावलं, काही उपयोग नाही. बाहेरून राक्षस म्हणाला, "लवकर करा रे, माझा हात..."

भाऊ पोरांसमोर मटकन खाली बसला आणि म्हणाला, "मी पण तीन दिवस जेवलो नाही गं. मला भरव."

मुलीनं त्याच्याकडं पाहिलं. काळं तोंड, सुजलेले डोळे. हौसाबाईची लेक ती. समोर उपाशी माणूस बसलेलं तिला कसं बघवणार? तिनं भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि मामाच्या तोंडात घास दिला. मग मामानं तिच्या तोंडात दिला. तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला, "आणि मला?"

धाकट्यानं घास चावला. सगळं गाव त्याच्या तोंडाकडं बघत होतं. तो म्हणाला, "मीठ कमी आहे."

भागाआजी म्हणाली, "उद्या जास्त घालते रे, माझ्या राजा," आणि हसता हसता रडायला लागली. चुलीत काहीतरी तडतडलं. एक ठिणगी उडाली, मग दुसरी, आणि चूल डोळे पुसत उठून बसली. मग राक्षसानं हात काढला, आणि सूर्य गेला आपल्या घरी.

ते घर मोडलं नाही. भाऊ-बहीण एकाच घरात राहिली, आणि मामाही तिथंच राहिला, बाज मोडली होती म्हणून जमिनीवर झोपायला. भागाआजी अजून भांडते, पण भाकरी देऊन भांडते. गावात कुणाची चूल रडली, की जिच्या हाताशी विस्तव असेल ती पुढं होते. आणि निघताना सगळ्या हौसाबाईचं नाव घेतात. रडून नाही, बरं का. आपल्या गावात अशी बाई होऊन गेली, आपल्याला तिच्या हातचं खायला मिळालं, म्हणून घेतात. ती पोरं मोठी झाली, पापुद्र्यावरून भांडत राहिली, सुखानं जेवली, सुखानं निजली. आता तुम्हीपण निजा.

"मामा," मंजी झोपेतच म्हणाली, "मी आत्याकडं नाही जाणार ना?"

"नाही," मी म्हटलं. "कुणीच कुठं जात नाही. मी सांगून आलोय सगळ्यांना."

तिनं हुंकार दिला. नामूनं तर तोही दिला नाही. मंजीचा हात त्याच्या अंगावर होता, तो तसाच राहू दिला. नामूचा एक पाय गोधडीबाहेर आला होता. तो मी आत घेतला.