झऱ्याची पूजा

प्राणी अजून देवाशी थेट बोलत होते, त्या काळची ही गोष्ट. कोकणातल्या एका देवराईत दरवर्षी सगळे प्राणी मिळून झऱ्यातला गाळ उपसत. तीच त्यांची पूजा.

एका वर्षी कावळ्याने गावच्या जत्रेतून रंगीत मणी आणले. ज्याच्या गळ्यात मणी, त्याच्यावर देवाची मर्जी, असं तो सांगत सुटला. फळं देऊन मणी घ्यायला चढाओढ लागली. पूजेच्या दिवशी सगळे नटून आले, पण चिखलात कोणी उतरेना.

तांबू खेकडा एकटाच गाळ उपसू लागला.

"मण्याशिवाय कसली पूजा?" कावळा म्हणाला.

"माझ्या आज्यानं, बापानं इथं हेच केलं," तांबू म्हणाला. "देव मला नांग्यांवरून ओळखतो."

मुंगूसबाई पिल्लाला पाणी पाजायला आली होती. गाळाने बुजलेल्या झऱ्याला पाण्याचा थेंब नव्हता. तिने मणी उतरवून फांदीला अडकवले.

"सरका जरा, भाऊ," म्हणत ती चिखलात उतरली. तिच्यामागून साळिंदर आला, माकडं आली.

दुपारी पाणी खळखळत वाहू लागलं. पिल्लं पोटभर प्यायली. सगळे हातपाय धुऊ लागले. तांबूने मात्र नांग्यांवरचा चिखल तसाच ठेवला आणि त्या उंच धरून तो सगळ्यांसमोरून घरी गेला.