शेल्यात आणखी काय होतं?

माझी नात दिवस भरायच्या आधीच झाली, ओंजळीत मावेल एवढी. तेव्हा मी देवीपुढे बोलले होते, ही तगली तर दर शुक्रवारी दिवा लावून कुणाला तरी एक गोष्ट सांगेन. आज तुमची पाळी.

एका भरल्या नगरात एक राजा होता. त्याच्या सुनेला सातव्या महिन्यातच मुलगी झाली. घराण्याच्या रीतीप्रमाणे बाळाला चांदीच्या पाळण्यात ठेवलं, खाली शेगडी. निखारे फुलले की पोर तापायची, विझले की गार पडायची. दूध ओढायचं त्राणही कमी होत चाललं.

बांगड्या भरायला आलेली कासारीण म्हणाली, की नदीपलीकडच्या डोंगरी मुलखात ना पाळणे ना शेगड्या, तरी अशी बाळं तिथे जगतात. राजाला हसू आलं. ज्यांना चूल पेटवायची भ्रांत, ते आपल्याला काय शिकवणार, असं तो म्हणाला. सुनेला मात्र राहवेना. कशी जगतात एवढं तरी बघून या, अशी तिने वाड्यावरच्या वैद्यबुवांना गळ घातली.

वैद्यबुवा जाऊन आले ते एक जाडाभरडा शेला घेऊन. तिथे बाळाला यात बांधतात म्हणाले. राजाच्या नातीला जाडंभरडं कसं चालणार? पेटीतला रेशमी शेला काढला, बाळाला त्यात गुंडाळलं आणि पुन्हा पाळण्यात ठेवलं. पोरीचे पाय गारच.

सासूबाई म्हणाल्या, "बघितलंस ना? परक्यांचे उपाय आपल्याला लागू पडत नाहीत."

सून विचारात पडली. तिने वैद्यबुवांना बोलावलं. "तिथे त्या शेल्यात बाळाशिवाय आणखी काय होतं?"

"आई होती," ते म्हणाले. "बाळ तिच्या उघड्या छातीशी आणि वरून शेला. मी आपला कापडच बघत राहिलो."

सुनेने बाळाला तसंच छातीशी बांधलं. हळूहळू पोरीचे तळवे कोमट झाले, मग ती दूधही ओढू लागली. पुढे बसून बसून सुनेची मान कलंडू लागली, तेव्हा सासूबाईंनीच आपल्या चोळीची गाठ सोडली. "आण इकडे. आता मी."

राजा दाराबाहेर घुटमळत होता. त्याने वैद्यबुवांना हळूच सांगितलं, "पलीकडे निरोप धाडा. आजोबांनी बांधलं तर चालतं का, विचारा."

उत्तर आलं: चालतं. पण महाराज, अंगरखा काढावा लागेल.

राजाने काढला.

तात्पर्य: दुसऱ्याकडून शिकायचं तर नुसती वस्तू उचलून आणू नये, त्यांची रीत विचारावी, आणि कळली नाही तर पुन्हा विचारावी.

माझं एवढं ऐका. जिथून काही मिळणार नाही असं वाटतं, तिथे आज एक तरी प्रश्न विचारा. आणि येत्या शुक्रवारी दिवा लावून ही गोष्ट तुम्हीही कुणाला तरी सांगा.