पाकटीच्या पाठीवरचा पाय

फार फार वर्षांपूर्वी, मासे माणसांशी बोलत असत तेव्हाची गोष्ट. एका खाडीच्या तळाशी पाकट जातीची एक मासळी राहायची. अंग सुपासारखं चपटं, डोळे वर, तोंड खाली. अंगावर वाळू ओढून पडून राहायचं, भूक लागली की वाळू उकरायची आणि सापडतील ते शिंपले फोडून खायचे, एवढाच तिचा संसार. शेपटीवर विषारी काटा होता, पण तो तिने आजवर कुणाला मारला नव्हता.

कारण काठावरच्या कोळणी शहाण्या होत्या. ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे वाळूत रुतलेल्या खायच्या शिंपल्या, वेचायला उतरल्या की त्या पाऊल उचलत नसत, वाळूत घासत चालत. खरखर ऐकली की पाकट चार हात बाजूला सरके. त्या आपल्या वाटेने, ही आपल्या.

एके दिवशी राजाचा नवा सुभेदार खाडी बघायला आला. एक म्हातारी कोळीण त्याला म्हणाली, "सरकार, पाय घासत चला. खाली पाकट असते."

"मी काय लंगडा आहे?" असं म्हणून सुभेदार धपाधप पाय आपटत निघाला.

पाकटीच्या पोटात तेव्हा पिल्लं होती, दिवस भरत आलेले. पाठीवर अख्खा सुभेदार उभा राहिल्यावर तिने काय करायचं होतं, त्याला ओवाळायचं? तिने काटा मारला.

म्हातारीने सुभेदाराचा पाय सोसवेल तेवढ्या कढत पाण्यात धरून ठेवला, तेव्हा कुठे ठणका उतरला. आणि ठणका उतरताच या गृहस्थाने हुकूम कोणता सोडावा? पाकट दबा धरून बसते, दगाबाज आहे, तिची जातच संपवा.

जाळी पडली. घंगाळातल्या पाण्यात घालून पाकटीला सुभेदारापुढे आणलं.

"दबा धरणाऱ्याचं हत्यार पुढे असतं, सरकार," ती म्हणाली. "माझं मागे आहे. मी माझ्या घरात पडले होते. पाठ माझी, पाय तुमचा, आणि दगाबाज मी? निदान पिल्लं तरी जन्मू द्या."

"कापा तिला," सुभेदार म्हणाला.

म्हातारीने घंगाळ उचललं आणि सरळ खाडीत उपडं केलं. "कापायचंच असेल, तर न बघता पडलेला तो पाय कापा," ती म्हणाली. तिच्या अंगाला हात लावायची शिपायांची छाती झाली नाही.

पाकट जी निघाली ती पलीकडच्या खाडीत. तिच्या मागोमाग उरलेल्या पाकटीही गेल्या. तिथे तिची पिल्लं सुखरूप जन्मली. इकडे वाळू उकरायला कुणी उरलं नाही. ती अंगणासारखी टणक झाली, तिसऱ्यांना रुतायला जागा राहिली नाही. रिकाम्या टोपल्यांना कंटाळून कोळणींनी चंबूगबाळं आवरलं आणि त्याही पलीकडे गेल्या. तिथे म्हातारी पाय घासतच पाण्यात उतरली. ओळखीची खरखर ऐकून पाकट पिल्लांसह चार हात सरकली.

सुभेदाराची खाडी आता अगदी निर्धोक झाली. तो हवे तसे पाय आपटत तिथे फिरायचा. एकदा फुटका शिंपला त्याच्या तळव्यात घुसला. त्याने खूप हाका मारल्या, पण कढत पाणी आणून द्यायला काठावर कुणीच नव्हतं.

तात्पर्य: न बघता दुसऱ्याच्या पाठीवर पाय देणाऱ्याने काटा टोचल्याची तक्रार करू नये.