भिवरानं रंगवलेली थंडी

चूक सगळी त्या म्हाताऱ्या राजाची होती, बरं का! आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर उगाच त्याची कीव करायला नको.

त्याच्या राज्यात एक रीत होती. थंडी सुरू झाली की राजानं डोंगरावरच्या घरोघरी घोंगड्या वाटायच्या. त्या वर्षी राजा म्हणाला, "घोंगड्या कशाला? दरबाराच्या भिंतीवर थंडीचं चित्र काढा. त्यात द्या सगळ्यांना पांघरूण. बघणाऱ्याला कसं ऊबदार वाटलं पाहिजे!" पिकल्या मिशांचे दरबारी म्हणाले, "वा महाराज!"

मग डोंगरावरच्या भिवराला बोलावलं. तिच्या हातात जादू होती. तिनं काय काढलं? गोठलेलं दव, काळवंडलेलं वरईचं शेत आणि विझल्या शेकोटीभोवती एकमेकांना चिकटून बसलेली तिची माणसं. उघडी! चित्र बघूनच दरबाराला हुडहुडी भरली.

प्रधान म्हणाला, "पोरी, मोठ्यांचं ऐकावं. चार घोंगड्या काढ की! तुझं काय जातंय?"

"माझी आई जाईल," भिवरा म्हणाली. "ती बघा, चित्रात कडेला बसलीय. आधी तिला खरी घोंगडी द्या."

राजानं तिला खांबाला बांधलं आणि दुसऱ्याकडून घोंगड्या रंगवून घेतल्या. सकाळी बघतात तर काय, रंग गळून खाली, माणसं पुन्हा उघडी! मग दुसऱ्या दिवशी वर पिवळाधमक सूर्य काढला. दुपारपर्यंत तो पांढराफटक पडला आणि भिंतीतून बोचरा वारा सुटला. दरबाऱ्यांचे दात वाजतायत, तरी म्हणतात, "वा महाराज, काय ऊब आहे!"

तिसऱ्या दिवशी राजानं स्वतःच कुंचला उचलला.

"महाराज, तिथं खरी थंडी आहे. हात लावू नका," खांबाला बांधलेली भिवरा म्हणाली.

"मला शिकवतेस? केस पांढरे झाले माझे!"

"केसांना थंडी कळत नाही, महाराज."

त्यानं कुंचला टेकवला मात्र, हात मनगटापर्यंत चित्रात गेला! ओढतोय, ओढतोय, निघेना.

"सोडव गं!"

"मी कुठं धरलाय? घोंगड्या पाठवा."

मग काय! सगळे दरबारी डोक्यावर गठ्ठे घेऊन धापा टाकत डोंगर चढले. अगदी शेवटच्या घरात भिवराच्या आईच्या अंगावर घोंगडी पडली, आणि इकडे राजाचा हात सुटला.

"आता तरी चित्र बदल," भिवराला खांबापासून सोडवत प्रधान म्हणाला.

"नाही. मी काढलं त्या दिवशी असंच होतं," असं म्हणून भिवरा घरी गेली.

डोंगरावरची माणसं उबेत, सुखात राहिली. तुम्हीही पाय पांघरुणात घ्या, डोळे मिटा. राजाचा उजवा हात मात्र कायमचा लुळा पडला.