गेनू न्हाव्याची धार

फार मागची गोष्ट. तेव्हा शेलवडीला रस्ता नव्हता, शाळा नव्हती, म्हातारे मात्र आत्ताइतकेच होते आणि आत्ताइतकेच बोलायचे.

गावची रीत अशी, की वऱ्हाड आलं की नवरदेवाची दाढी शिवेवरच व्हायची, नवरीच्या गावच्या न्हाव्याच्या हातून. हनुवटीखाली पांढरं धोतर धरायचं. त्यावर रक्ताचा थेंब पडला की अपशकुन, वऱ्हाड माघारी. अशा तीन पोरी घरी बसल्या होत्या. म्हातारे म्हणायचे, पोरींचा पायगुण वाईट. वस्तऱ्याचं नाव कुणी काढेना.

वस्तरा रखमाजी न्हाव्याचा. तो दगडावर असा जोर लावायचा, की अख्ख्या गल्लीचे दात आंबायचे. धार यायची ती करवतीसारखी. त्याचा पोरगा गेनू हे ओळखून होता. बापाला सांगायला गेला तर बाप म्हणायचा, "धार जोरानं येते. माझ्या बापानं असंच केलं." झालं. पुढं बोलायची सोय नाही.

मग गेनूच्या बहिणीचं, ठकूचं लग्न ठरलं. आता चौथी पाळी घरातलीच.

गेनू दगड घेऊन नदीवर जाऊन बसला. अकरा दिवस उठला नाही, असं सांगतात. रोज वस्तरा घासायचा, रोज स्वतःच्या गालावर चालवायचा, रोज रक्त. नदीचं पाणी गुलाबी झालं आणि खालच्या गावच्या बायकांनी धुणं बंद केलं, असंही सांगतात.

अकराव्या दिवशी ठकू भाकरी घेऊन आली. त्याचं घासणं बघून म्हणाली,

"दादा, दगडावर कशाला राग काढतोस? त्यानं काय केलंय?"

"धार येत नाही."

"पुरण वाटताना आम्ही वरवंटा दाबतो का? नुसता फिरवायचा. वाटायचं काम त्याचं वजन करतं."

गेनूनं भाकरी बाजूला ठेवली. दगडावर पाणी घातलं. वस्तरा सपाट निजवला, पाठही टेकलेली, धारही टेकलेली. हाताचा जोर काढून घेतला आणि धार पुढं ठेवून हलकेच सरकवला. टोकाला पोचल्यावर पाठीवरच उलटवला आणि तसाच परत आणला. एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं. खरखर थांबली. शेवटी तळहातावर पाठ पुढं ठेवून ओढला. मग तो वस्तरा नदीवरून फिरवला, तर पाण्याचे दोन भाग झाले आणि पाण्याला कळलंच नाही, असं म्हणतात.

वऱ्हाड आलं. शिवेवर पाट मांडला. दादजी पाटील, गावातलं सगळ्यात थोरलं तोंड, पुढं झाले.

"रखमाजीला करू दे. पोराचा हात बसलेला नाही. आणि ठकीचा पायगुण तर..."

"पाटील, आधी तुम्ही बसा," गेनू म्हणाला. "रक्त आलं तर कुणाचा पायगुण ते तुम्हीच सांगा."

बायका पदराआड हसल्या. पाटलांना बसावंच लागलं. डोळे गच्च मिटले, कारण साठ वर्षं त्यांनीही रखमाजीच्या घरच्या वस्तऱ्याचा मार खाल्ला होता. वस्तरा फिरला. अर्धा गाल होईतो पाटील घोरायला लागले.

त्यांना तसंच उचलून बाजूला ठेवलं आणि नवरदेव बसला. जरा वेळानं तो दबक्या आवाजात म्हणाला, "मेव्हणे, सुरू कधी करणार?"

"झाली की, दाजी."

धोतर रखमाजीच्या हातात होतं. त्यानं ते उन्हाकडं धरलं, उलटं केलं, पुन्हा धरलं. पांढरंच्या पांढरं. शिवेवरच्या माणसांनी इतका वेळ कोंडलेला श्वास एकदम सोडला, तर त्या वाऱ्यानं नवरदेवाच्या मुंडावळ्या हलल्या.

रखमाजी खाली बसला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "त्या तीन पोरी माझ्या वस्तऱ्यानं घरी बसवल्या. त्यांच्या पायांनी काही केलं नव्हतं."

म्हातारे पागोटी सावरत मांडवाकडं वळले. आधी चूक कबूल करायला पाहिजे होती.

त्याच वर्षी त्या तिघींची लग्नं झाली. तिन्ही नवरदेवांची दाढी गेनूनंच केली.

आता गावात सलून आहे, ब्लेड आहे. तरी शेलवडीच्या शिवेवर वऱ्हाड थांबतं, पाट मांडतात आणि नवरदेवाच्या आधी गावातला सगळ्यात बोलका म्हातारा बसतो. न्हावी त्याच्या हनुवटीला वस्तरा लावून विचारतो, "गेनूबाबांच्या नावानं, पोरीबद्दल काही बोलायचंय?"

आजवर कुणी बोललेलं नाही.