लोणीधोंडीची आख्यायिका

पाथरवणच्या टेकडीवर हा जो चौकोनी काळा धोंडा दिसतो, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका चिरलेला, त्याला हात लावून बघा. बोटाला लोणी लागेल. ही लोणीधोंड.

असे सांगतात, की गावात पहिला टोस्टर मथुरेच्या माहेराहून आला. गॅसवर धरायचा, लांब दांड्यांचा. महिनाभर तिने पाव जाळले, कच्चे काढले, चिकटलेले खरवडले. मग हात बसला. पाव आदल्या दिवशीचा, चटणी घट्ट, बटाट्याच्या चकत्या पातळ, आच मंद. सँडविच असं निघे, की खाताना कुरकुर ओसरीपर्यंत ऐकू जाई.

थोरल्या जावेच्या, सगुणेच्या मुलीला बघायला पाहुणे आले. सँडविचं मथुरेने केली. पाहुणे बोटं चाटू लागले, तशी सगुणा म्हणाली, "सगळं आमच्या शकूच्या हातचं. ही धाकटी नुसती उभी होती. हिला चहासुद्धा धड जमत नाही."

पाहुणे हसले. मथुरा कपबशा उचलून आत गेली. त्या हसण्याचा तिने म्हणे मनात दगड करून ठेवला.

लग्न ठरलं. साखरपुड्याला शकूच्या हातची सँडविचं हवीत, असा विहीणबाईंचा हट्ट. सगुणा गोड आवाजात कृती विचारायला आली. मथुरेने सगळं खरं सांगितलं, एक सोडून.

"लोणी आतून लावा, जाऊबाई. भरपूर. बाहेरून अगदी कोरडं ठेवा."

साखरपुड्याच्या सकाळी ती टेकडीवर येऊन या धोंड्यापाशी बसली. थोड्याच वेळात खाली स्वयंपाकघरातून काळा धूर निघाला. पाव टोस्टरला आतून असा चिकटला, की तो उघडायला घातलेलं उलथनं वाकलं. सगुणा तसाच तापलेला टोस्टर घेऊन टेकडी चढली. मागोमाग शकू, विहीणबाई, सगळी पंगत.

"काय चुकलं ते सांग, मथुरे."

"मला काय कळतंय? मला चहासुद्धा धड जमत नाही."

सगुणेने रागाने टोस्टर धोंड्यावर आपटला. धोंडा तिरका चिरला, टोस्टर मात्र उघडेना. शकू रडू लागली. शेवटी पाहुण्यांसमोर सगुणेला मान खाली घालून म्हणावं लागलं, "त्या दिवशीची मथुरेने केली होती. मी खोटं बोलले."

मथुरेने पदराआडून लोण्याची वाटी काढली. बोटभर लोणी धोंड्याला फासलं. "बाहेरून," एवढंच म्हणाली. टोस्टर म्हणे आपोआप उघडला. लग्नही झालं. पण उतरताना मथुरा बजावून गेली, "माझं नाव घेतल्याशिवाय या गावात पाव सुटायचा नाही."

आजही पाथरवणात नवा टोस्टर आला, की पहिलं लोणी या धोंडीला लागतं. गॅस पेटवताना "मथुराकाकू, बाहेरून" म्हणतात, आणि सँडविच सोनेरी निघतं. सगुणेच्या घरात मात्र नाव घेऊनही पहिलं चिकटतंच. ते खरवडायचा मान थोरल्या सुनेचा.