बांधाखालची बंद घरं

फार फार वर्षांपूर्वी, जत्रेला जातानाच काय ती माणसं घराला कुलूप लावत असत त्या काळी, एका डोंगराच्या कुशीत एक नगर होतं. नगराच्या डोक्यावर मोठा तलाव होता. तलावाला मातीचा बांध होता आणि बांधाच्या पायथ्यापासून खाली उतरत गेलेली चारशे घरं होती.

मातीचा बांध म्हणजे तान्हं मूल. त्याच्याकडे सारखं बघावं लागतं. म्हणून त्या नगरात एक रीत होती. वैशाखात नगारा वाजला की घरटी एक माणूस बांधावर हजर व्हायचा. मातीच्या टोपल्या टाकायच्या, माती चोपून बसवायची, घुशींची बिळं बुजवायची. मालक असो की भाडेकरू, ज्या घरात चूल पेटते त्या घराने एक माणूस द्यायचा. ही रीत मोडावी असं कोणाच्या मनातही येत नसे. बांध फुटला तर आपलीच अंथरुणं वाहून जाणार, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

बांधाला अगदी लागून असलेल्या पहिल्या ओळीत एक विणकर राहत असे. तो घोंगड्या विणायचा. त्याचा माग खड्ड्याचा होता. जमिनीत कमरेएवढा खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं आणि पायांनी माग चालवायचा. पावसाळ्यात बांधातून पाणी पाझरू लागलं की सगळ्यांच्या आधी विणकराच्या तळपायांना गार लागायचं. मग तो हातातलं काम टाकून रस्त्यावर यायचा आणि ओरडायचा, "ओल आली! ओल आली!" की अर्धं नगर टोपल्या घेऊन धावायचं. असं दोनदा झालं होतं आणि दोन्ही वेळा बांध वाचला होता. लोकांनी त्याला एक शेला आणि नारळ दिला आणि गोष्ट विसरून गेले. शेला-नारळ देण्याचा तोच तर फायदा असतो.

पण ते घर काही विणकराचं नव्हतं. ते शेजारच्या तेल्याचं होतं आणि विणकर तिथे भाड्याने राहत होता. तेली स्वभावाने बरा होता. तरी विणकराच्या बायकोला एक सल होता. ती म्हणायची, "भिंतीला खुंटी ठोकायची तरी दुसऱ्याला विचारावं लागतं. पोरी मोठ्या होतायत. एक घर आपलं म्हणून असावं की नाही?"

विणकराला ते पटलं. एक दिवस तो तेल्याकडे गेला आणि म्हणाला, "दादा, हे घर मला विकता का?"

तेल्याने दाढी खाजवली. "शंभर मोहरा होतील," तो म्हणाला. मग विणकराचा चेहरा बघून हसला. "तुझ्या हिशेबात साठ घोंगड्या. सावकाश दे, मला घाई नाही."

विणकर घरी आला तो नाचतच. त्या दिवसापासून चौघंही कामाला जुंपली. बायको लोकर कातायची, दोन्ही पोरी लोकर पिंजायच्या. रोजच्या पोटापुरत्या घोंगड्या विकून वर्षाला वीस घोंगड्या बाजूला पडू लागल्या. सणालासुद्धा त्यांच्या घरी मीठ-भाकरीच असायची. पण कोणी कुरकुर केली नाही, कारण तीन वर्षं म्हणजे काय, बघता बघता निघून जातील.

तिसऱ्या वर्षी नगरात एक व्यापारी आला. तो दर्यापारचा होता. अंगावर रेशीम, बोलणं मधाळ, आणि विशेष म्हणजे तो घासाघीस करत नसे. त्याला बांधाजवळची घरं आवडली. तलावाचा गार वारा येतो, म्हणाला. त्याने पहिल्या ओळीतलं कोपऱ्यावरचं घर दुप्पट मोहरा मोजून घेतलं, दाराला हातभर लांबीचं कुलूप ठोकलं आणि शेजारचं घर बघायला निघाला.

विणकराने त्याला वाटेत गाठलं. "शेटजी, राहायला कधी येताय?"

"राहायला?" व्यापाऱ्याला हसू आलं. "आमचं घर दर्यापार आहे, बाबा. पण तिथे सोनं घरात ठेवलं तर राजा मागतो, आणि पुरून ठेवलं तर चोर उकरतो. तुमच्या गावचं घर कोण उचलून नेणार? शिवाय दरवर्षी त्याचं मोल वाढत जातं."

"ते कशाने वाढतं?"

"आम्ही घेतो ना, त्याने," व्यापारी म्हणाला आणि विणकराच्या पाठीवर थाप मारून पुढे गेला.

आता नगरातल्या लोकांना कसला आनंद झाला म्हणून सांगू! भिंती त्याच, कौलं तीच, गळायचं तिथे घर गळतच होतं, पण प्रत्येक घरमालक सकाळी उठून आपल्याच घराकडे कौतुकाने बघू लागला. काही न करता आपण श्रीमंत झालो, असं ज्याला त्याला वाटू लागलं. राजालाही वाटलं, कारण प्रत्येक खरेदीचा दहावा हिस्सा खजिन्यात पडत होता. एका व्यापाऱ्यामागून दहा आले. कुलपं वाढत गेली.

विणकर साठ घोंगड्यांचं मोल घेऊन तेल्याकडे गेला, तेव्हा तेल्याने नजर चुकवली. "आता एकशेवीस घोंगड्या झाल्या रे," तो म्हणाला. "मी नाही वाढवल्या. वाऱ्यानेच वाढल्या."

विणकर परत आला. मोठी पोर आता लग्नाला आली होती, पण तीही पहाटेपासून लोकर पिंजू लागली. रात्रीचाही माग चालवून दोन वर्षांत आणखी साठ झाल्या. तोवर किंमत तीनशे घोंगड्यांवर गेली होती. विणकर एक पाऊल चालायचा आणि घर दोन पावलं पुढे सरकायचं. बायकोने घराबद्दल बोलणंच सोडलं, आणि ते विणकराला तिच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

त्या वर्षी वैशाखात नगारा वाजला. चारशे माणसं यायची तिथे सव्वाशे आली. पहिल्या तीन ओळींतून तर विणकर आणि तेली एवढे दोघंच होते. बंद दारांपुढे नगारा वाजवून वाजवून नगारेवाल्याचे हात दुखले. तेव्हा व्यापाऱ्यांचा कारभारी राजाकडे गेला आणि म्हणाला, "महाराज, आमच्या घरांत माणूस नाही, पण आम्ही रीत मोडणार नाही. माणसाऐवजी घरटी एक मोहर घ्या."

राजा खूश झाला. माणूस संध्याकाळी घरी जातो, मोहर खजिन्यातच राहते, असा त्याने विचार केला. बांधाचं पुढच्या वर्षी बघू, असंही त्याने ठरवलं.

आणि मग एके दिवशी तेली विणकराच्या दारात आला. आत न येता उंबऱ्यावरच बसला.

"घर दिलं रे मी," तो म्हणाला. "तुझंही आणि माझंही. पोराचं लग्न आहे, भाव चांगला आला. तुला कसं देऊ सांग? तुझ्या घोंगड्या आणि त्याच्या मोहरा, मेळ कुठे बसतो?"

विणकराने विचारलं, "आणि तुम्ही कुठे जाणार, दादा?"

"खालच्या आळीत भाड्याने राहीन थोडे दिवस. एवढ्या पैशांत काय, चांगलं घर मिळेल की."

ते त्याला कधीच मिळालं नाही. ज्या वाऱ्याने त्याच्या घराचं मोल वाढवलं होतं, तो सगळ्याच घरांवरून वाहत होता. चार घरं बघेपर्यंत दोन घरांच्या मोहरा एका घराच्या राहिल्या, आणि पोराचं लग्न होईपर्यंत अर्ध्या घराच्याही उरल्या नाहीत. तेली आणि त्याची बायको खालच्या आळीतल्या एका खोलीतच राहिली.

विणकर मात्र शेवटचा प्रयत्न म्हणून राजसभेत गेला. हात जोडून म्हणाला, "महाराज, मी इथे जन्मलो, इथेच विणतो. पाच वर्षं पोटाला चिमटा काढला. मला या नगरात एक घर मिळावं, एवढीच मागणी आहे."

प्रधान म्हणाला, "घरांची काय कमतरता आहे? अर्धं नगर रिकामं पडलंय."

"रिकामं आहे, पण मला बंद आहे."

सभा खो खो हसली. राजाही हसला. "अरे, घरांचे भाव वाढतात ते नगराची भरभराट झाली म्हणून. तुला झेपत नसेल तर पलीकडच्या माळावर जा. तिथे जागा फुकट आहे." विणकराने मुजरा केला आणि घरी येऊन माग उपसायला घेतला.

माळ नगरापासून दोन कोसांवर होता. तिथे त्याच्यासारखी शंभरेक कुटुंबं आधीच आली होती. कुंभार, शिंपी, कासार, शाळेचे पंतोजी, ज्यांच्या जिवावर नगर चालायचं ती सगळी. सकाळी दोन कोस चालत नगरात जायची आणि संध्याकाळी दोन कोस परत यायची. विणकराने कुडाची झोपडी बांधली आणि मुरमाड जमिनीत मागासाठी नवा खड्डा खणला.

पावसाळा आला. सात दिवस झड लागली होती. आठव्या दिवशी सकाळी विणकर खड्ड्यात पाय सोडून बसला आणि त्याला जाणवलं की पाय कोरडे आहेत. विणायचा धोटा हातातच राहिला. राजापुढे आपण घराचं गाऱ्हाणं सांगितलं आणि ओलीचं सांगायचं राहूनच गेलं, हे त्याला त्या क्षणी कळलं. स्वतःच्या दुःखात आपण नगराचं विसरलो, याची त्याला लाज वाटली.

तो भर पावसात नगराकडे धावला. त्याच्या जुन्या घरासमोर व्यापाऱ्याने ठेवलेला राखणदार कांबळं पांघरून बसला होता.

"दादा, दार उघड. आत खड्डा आहे, तेवढा बघतो आणि जातो."

"मालकाचा हुकूम नाही."

"मालक कुठे आहे?"

"दर्यापार."

"अरे, आत पाणी झिरपत असेल! बांध जाईल!"

"मला दार राखायला ठेवलंय," राखणदार म्हणाला, "बांध राखायला नाही."

विणकर प्रधानाकडे गेला. प्रधान जेवायला बसला होता. त्याने आतूनच निरोप दिला, "बांधाच्या मोहरा भरल्या गेल्या आहेत. चिंता नसावी." मग विणकर रस्त्यावर उभा राहून ओरडला, "ओल आली! ओल आली!" पहिल्या ओळीत त्या राखणदाराखेरीज ऐकायला कोणी नव्हतं. दुसऱ्या ओळीत कोणी नव्हतं. तिसऱ्या ओळीतही नव्हतं. खालच्या आळ्यांपर्यंत त्याचा आवाज पावसात पोचला नाही. तो तसाच ओरडत खाली उतरला, तेल्याच्या खोलीपाशी आला, आणि तेली टोपली शोधू लागला तेवढ्यात वरून आवाज आला.

बांध फुटला. बंद घरांच्या भिंती आतून किती दिवस भिजत होत्या कोण जाणे, त्या मिठासारख्या विरघळल्या. पाणी आधी रिकाम्या घरांतून गेलं आणि मग भरलेल्या घरांत शिरलं. विणकराने तेल्याचा हात धरून त्याला देवळाच्या दीपमाळेवर ओढलं. तेल्याची बायको चार पावलं मागे होती. ती त्यांच्या डोळ्यांदेखत गेली.

जी माणसं वाचली, ती चिखलातून चालत माळावर आली. माळावरच्या लोकांनी चुली पेटवल्या. विणकराच्या बायकोने घरासाठी साठवलेल्या मोहरा गाठोड्यातून काढल्या आणि त्यांचं धान्य आणवलं. तेली दोन दिवस एका जागी बसून होता. तिसऱ्या दिवशी तो विणकराला म्हणाला, "तुला साठ घोंगड्यांत दिलं असतं, तर तू खड्ड्यात बसलेला असतास. ती जिवंत असती." विणकर त्याच्याजवळ बसून राहिला.

महिन्याने राजा स्वतः माळावर आला. वाड्यावरून पाणी गेल्यामुळे त्याचाही आवाज आता उतरला होता. तो म्हणाला, "विणकरा, तुझी जागा तुला फुकट देतो. ज्याला हवी त्याला हवी तेवढी जागा देतो. खजिन्यात मोहरा आहेत. चला, बांध बांधू."

विणकराने नम्रपणे हात जोडले. "महाराज, पूर्वी नगारा वाजला की आम्ही यायचो, कारण आमची लेकरं बांधाखाली झोपायची. आता ती इथे झोपतात. मोहरांना सांगा माती टाकायला."

एवढं बोलून त्याला स्वतःलाच रडू आलं, कारण त्या नगरावर त्याचा फार जीव होता. पण तो गेला नाही. कोणीच गेलं नाही. तलाव आटला, नगरात बाभळी माजल्या, आणि माळावरची माणसं पाण्यासाठी मैल मैल चालू लागली. जिंकलं कोणीच नाही.

दर्यापारच्या व्यापाऱ्याला ही बातमी सहा महिन्यांनी कळली. तो जेवत होता. "अरेरे," तो म्हणाला, आणि कारभाऱ्याला दुसऱ्या एखाद्या नगराची चौकशी करायला सांगून त्याने पुढचा घास घेतला.

लहानथोरांनो, या कथेतून घ्यायचं ते एवढंच: ज्या गावात घराचं मोल माणसापेक्षा मोठं होतं, त्या गावाला वाचवायला वेळ आली की माणूस उरत नाही.